अलार्म होते, वाजला एकही नाही: एका दुमजली घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर दुमजली. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मागच्या अंगाला आजींची झोपायची खोली आणि तिला लागून बाथरूम. या सगळ्यांना जोडणारा अरुंद पॅसेज, आणि त्याच पॅसेजमध्ये उघडणारं गॅरेजचं दार. आजींच्या खोलीच्या भिंतीपलीकडे सामान ठेवायची एक चिंचोळी खोली आहे, तिथे गॅसचा गीझर. वर दोन खोल्या: एक मुलगा-सुनेची, दुसरी ११ वर्षांच्या नातीची. नातीच्या खोलीचं छत उतरतं आहे.

घरात तीन अलार्म होते, तिन्ही आधीच्या मालकाने लावलेले. दोन धुराचे, एक कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे इंधन अर्धवट जळल्यावर तयार होणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूचा. "घरात अलार्म आहेत का?" असं कोणी विचारलं असतं तर घरातल्या प्रत्येकाने अगदी प्रामाणिकपणे "हो" म्हटलं असतं.

घरांच्या अग्निसुरक्षेची पाहणी करणं हे माझं काम. या घरी मी घटनेनंतर चौथ्या दिवशी गेलो. कुटुंबाची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, माझी धरून.

त्या रात्री काय झालं

रात्री पावणेदोनला सून पाणी प्यायला खाली उतरली. अर्ध्या जिन्यात जळक्या प्लास्टिकचा वास आला. पॅसेजमधला दिवा लावला तर उजेड पिवळट, गढूळ. खांद्याच्या वर धुराचा थर तरंगत होता आणि खाली हवा बऱ्यापैकी स्वच्छ होती. बैठकीच्या खोलीत सोफ्यामागचा एक्स्टेंशन बोर्ड वितळला होता आणि सोफ्याचा फोम आतून धुमसत होता. ज्वाळा अजून नव्हती.

तिने नवऱ्याला आणि मुलीला ओरडून खाली बोलावलं, आजींच्या खोलीचं दार उघडून त्यांना गदागदा हलवून उठवलं आणि सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. अग्निशमन दलाला फोन अंगणातून केला. दल येईपर्यंत कोणी परत आत गेलं नाही. सोफा, पडदे आणि एका भिंतीचा रंग गेला, माणसांना ओरखडाही नाही.

मी गेलो तेव्हा सून एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होती: "मला तहान लागली नसती तर?"

तपासणीत काय सापडलं

पॅसेजमधला अलार्म छतावर होता, स्वयंपाकघराच्या दारापासून जेमतेम दीड मीटरवर आणि बाथरूमच्या दारापासून एका पावलावर. कप्पा उघडला तर बॅटरी नव्हती. ती कोणी काढली यावर थोडी शोधाशोध झाली, मग मुलाने हात वर केला. गॅसवर भांडं जरा जास्त तापलं की अलार्म बोंबलायचा, कोणी गरम पाण्याने अंघोळ करून दार उघडलं की वाफेने बोंबलायचा. वर्षभर सगळ्यांनी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घातला. मग एके दिवशी त्याने बॅटरी काढली आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये नाही तर घड्याळात, कुठेतरी वापरूनही टाकली.

मी त्याला दोष दिला नाही. रोज खोटं ओरडणाऱ्याचं तोंड माणूस बंद करणारच. बॅटरी त्या दिवशी काढली गेली, पण तो अलार्म निकामी झाला होता तो जागा निवडली त्या दिवशीच. शिवाय तो आयनीकरण प्रकारचा होता. या प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा सूक्ष्म अंश असतो आणि भडकलेल्या आगीतल्या बारीक कणांना तो चटकन ओळखतो. स्वयंपाकातून नेमके तसेच कण उडतात. धुमसणाऱ्या फोमचा जाडसर धूर ओळखण्यात मात्र प्रकाशावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक अलार्म, सहसा पुढे असतो. थोडक्यात, नको तिथे तिखट आणि हवं तिथे मंद असा अलार्म या घराला मिळाला होता.

दुसरा अलार्म वर, जिन्याच्या माथ्यावर. मुलाने खुर्ची घेतली, बटण दाबलं, अलार्म कर्कश वाजला. "बघा, हा चालू आहे!" म्हणाला. मी तो खाली उतरवला. रंगाऱ्याने छताबरोबर अलार्मवरही पांढरा हात मारला होता. जाळीच्या फटींत रंग वाळून बसला होता. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला आणि मागे फट दिसली. बटण दाबल्यावर बॅटरी, सर्किट आणि भोंगा ठीक आहे एवढं कळतं, धुराला आत शिरायला वाट आहे की नाही हे कळत नाही. मागे छापलेली निर्मितीची तारीख १४ वर्षांपूर्वीची होती. धुराचा अलार्म १० वर्षांनी बदलायचा असतो, आणि ती १० वर्षं लावल्यापासून नाही, बनल्यापासून मोजायची. त्यात तो भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात अगदी खुपसून लावलेला होता. कोपऱ्यात हवा साचून राहते आणि धूर तिथे उशिरा पोचतो.

तिसरा, कार्बन मोनॉक्साइडचा, स्वयंपाकघरात ओट्याखाली, घोट्याच्या उंचीवरच्या सॉकेटमध्ये होता. पुढ्यात कचऱ्याचा डबा. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं: "गॅस खाली बसतो ना." सिलिंडरचा गॅस खाली बसतो हे खरं, कारण तो हवेपेक्षा जड आहे. पण कार्बन मोनॉक्साइड हा वेगळाच वायू. त्याचा रेणुभार २८, हवेचा सरासरी २९. म्हणजे तो ना धड खाली बसतो ना वर जाऊन चिकटतो, खोलीतल्या हवेत मिसळून जातो. आणि गळणारा गॅस या अलार्मला कळतच नाही. त्याचा शोधक निराळा असतो. हा घोटाळा मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता मी अलार्म शोधायला आधी वाकूनच बघतो.

उशीवरून घेतलेली चाचणी

यानंतरची दहा मिनिटं माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची. मी आजींना म्हटलं, तुम्ही रात्री झोपता तशा झोपा. त्यांनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं, दार लावून घेतलं, कुशीवर वळल्या. मी खोलीतच थांबलो. वर मुलाने जिन्याच्या माथ्यावरचा अलार्म वाजवला. मला दारामधून तो बारीक ऐकू येत होता. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. आजी उशीवरून म्हणाल्या, "आता वाजवा म्हणावं की. किती वेळ पडून राहू?"

दारात उभी असलेली सून हे ऐकून तिथेच भिंतीला टेकली.

घरगुती अलार्मचा आवाज ३ मीटरवर साधारण ८५ डेसिबल असतो. मधे एक मजला आणि बंद दार आलं की तो बराच उतरतो. त्यात बहुतेक अलार्मचा सूर उंच, ३,००० हर्ट्झच्या आसपासचा, आणि वयाबरोबर कान आधी उंच सूरच सोडतात. म्हणजे बॅटरी असती, रंग नसता, तरी आजी उठल्या नसत्या.

कोणते पर्याय होते

मुलाचा पहिला विचार साधा होता: दोन्ही नवे अलार्म आणायचे आणि त्याच खिळ्यांवर लावायचे. भोकं तयार आहेत. मी नको म्हटलं. पॅसेजमधला पुन्हा दोन महिन्यांत गप्प केला गेला असता.

दुसरा प्रस्ताव सुनेचा: स्वयंपाकघरातच एक धुराचा अलार्म हवा, आग तिथेच लागते. हे तर्काला धरून आहे, पण धुराचा अलार्म तिथे टिकत नाही. तिथे उष्णतेचा अलार्म लावता येतो. तो साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला वाजतो आणि वाफ, धूर यांच्या वाटेला जात नाही. मात्र तो धुमसणारी आग ओळखायला फार उशीर करतो, म्हणून धुराच्या अलार्मच्या बदल्यात तो चालत नाही.

खरी ओढाताण झाली आजींच्या दारावरून. सुनेचं म्हणणं, आता रात्री दार उघडंच ठेवायचं, म्हणजे आवाज आत जाईल. मी तिला त्या रात्रीची आठवण दिली: पॅसेजमध्ये धूर खांद्यापर्यंत उतरला होता आणि आजींच्या खोलीत जवळजवळ नव्हताच. बंद दाराने त्यांना वाचवलं होतं. बंद दार धूर अडवतं आणि आवाजही अडवतं. दोन्हींतलं एक निवडायची गरज नव्हती. दार बंद ठेवायचं आणि अलार्म दाराच्या आत आणायचा. पण मग तो आतला अलार्म बैठकीतल्या धुराला वाजणार कसा? त्यासाठी अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत, एक वाजला की सगळे वाजतील असे. वायरिंग फोडायची तयारी नव्हती, म्हणून रेडिओने जोडले जाणारे घ्यायचं ठरलं.

आकडा ऐकून मुलगा म्हणाला, "घर आहे की विमानतळ?" तीन झोपायच्या खोल्या, दोन मजल्यांवरचे दोन पॅसेज आणि बैठकीची खोली: सहा धुराचे. स्वयंपाकघरात एक उष्णतेचा. कार्बन मोनॉक्साइडचे दोन. बैठकीतला कमी करावा का, यावर बोलणं झालं. जिथे आग लागली ती खोली रिकामी ठेवायला कोणी तयार झालं नाही. गॅरेजमध्येही उष्णतेचा एक असावा असं मी सुचवलं, ते "नंतर बघू"वर राहिलं.

काय केलं

जागा ठरवायला मी मोजपट्टी आणि खडू घेऊन बसलो. अमेरिकेतल्या एनएफपीए ७२ या संहितेतली अंतरं मला सोयीची वाटतात: शेगडीपासून किमान ३ मीटर, अंघोळीच्या खोलीच्या दारापासून किमान ९० सेंटिमीटर, पंख्याच्या पात्याच्या टोकापासून आणि एसीच्या झोतापासूनही तेवढंच. पॅसेजच्या फरशीवर शेगडीकडून आणि बाथरूमच्या दाराकडून अशा दोन कमानी काढल्या. अरुंद पॅसेजमध्ये दोन्ही कमानींच्या बाहेर उरला तो फक्त एका पायपुसण्याएवढा तुकडा, आजींच्या दारासमोर. त्याच्या बरोबर वर, छताच्या मध्याजवळ, फोटोइलेक्ट्रिक अलार्म लागला. मुलाने तीन दिवस मुद्दाम स्वयंपाकघरात धूर केला, अलार्म वाजला नाही. मग कागद जाळून खाली धरला तेव्हा वाजला.

आजींच्या खोलीत पंखा छताच्या मधोमध, म्हणून अलार्म पंखा आणि दार यांच्या मधे आला. त्याला जोडून उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि ५२० हर्ट्झचा, म्हणजे खर्जातला भोंगा घेतला. खालच्या सुराचा हा आवाज ऐकू कमी येणाऱ्यांना जास्त जागं करतो. आजींनी चकती हातात धरून बघितली. "भूकंप आणलात उशाशी," म्हणाल्या, पण ठेवली.

नातीच्या खोलीत उतरतं छत असल्यामुळे अलार्म उंच टोकाकडे लावायचा होता. टोकापासून ९० सेंटिमीटरच्या आत, पण अगदी टोकाची १० सेंटिमीटर सोडून, कारण त्या खोबणीत धूर शिरत नाही. बाकीचे छतावर, भिंती सोडून. छतावर जागा नसेल तर भिंत चालते, पण अलार्म छताच्या खाली ३० सेंटिमीटरच्या आत बसायला हवा.

कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म मी खालच्या पॅसेजमध्ये आणि वर जिन्याच्या माथ्यावर लावले. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर, हा नेहमीचा नियम. त्यावर मी जास्त विचार केला नाही. ओट्याखालचा जुना टाकून दिला. त्याच्या संवेदकाची मुदत केव्हाच संपली होती.

शेवटी नातीला आवाजांतला फरक शिकवला. तीन बीप आणि थांबा म्हणजे धूर, चार बीप आणि थांबा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि अधूनमधून एकच टिक म्हणजे बॅटरी किंवा वय. तिने ते कागदावर लिहून फ्रिजला लावलं. महिन्यातून एकदा बटण दाबायचं काम तिच्याकडे गेलं.

एक गोष्ट त्याच आठवड्यात कळली. रात्री अकराला सगळे अलार्म वाजवून पाहिले तेव्हा आजी उठून बसल्या, आणि नात, जी दिवसा बीप मोजत होती, ती गाढ झोपून राहिली. लहान मुलं अलार्मच्या आवाजाने बऱ्याचदा उठत नाहीत. तेव्हा ठरलं की तिला उठवायला तिचा बाबा जाईल आणि आजींकडे सून जाईल. हे तोंडी नाही, फ्रिजवरच्या त्याच कागदावर लिहून ठेवलं.

सात महिन्यांनी

पहाटे साडेपाचला खालच्या पॅसेजमधला अलार्म वाजला आणि त्याच्याबरोबर सगळं घर. धूर नव्हता, वास नव्हता. मुलाचा हात नेहमीच्या सवयीने बटणाकडे गेला. या वेळी नात जागी झाली होती, कशी ते तिलाही माहीत नाही. ती बाबाच्या मागून ओरडली: "बाबा, चार! चार वाजतायत!" बटण तसंच राहिलं. सगळे बाहेर पडले, आजींना दोन्ही बाजूंनी धरून. त्यांना चक्कर येत होती.

इथे एक फसवी पायरी आली. सुनेने आजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८ दाखवलं. क्षणभर सगळे निवांत झाले. पण कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २००हून जास्त पट घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या चिकटलेल्या वायूत आणि ऑक्सिजनमध्ये फरक करता येत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. सुदैवाने फोनवरच्या माणसाने त्यांना रुग्णालयात न्यायला सांगितलं. रक्ताच्या तपासणीत विषबाधा निघाली, ऑक्सिजन लावला, आजी दुसऱ्या दिवशी घरी आल्या.

गीझरची धूर बाहेर नेणारी नळी जोडावरून निसटली होती. सामानाच्या खोलीत साचलेला वायू भिंतीतल्या पाइपभोवतीच्या फटीतून थेट आजींच्या खोलीत येत होता. ती फट आजींच्या कपाटामागे होती. गेले चार-पाच दिवस सकाळी त्यांचं डोकं दुखत होतं आणि घरच्यांनी चष्म्याचा नंबर वाढला असेल असं धरलं होतं. बाहेर फिरून आल्या की बरं वाटायचं, ही खूण होती, पण ती नंतर कळली.

आज पुन्हा करायचं तर

अलार्मने काम केलं, असं म्हणून फाइल बंद करता आली असती. पण क्रम बघा. अलार्म पॅसेजमध्ये, वायू आजींच्या खोलीत, मधे बंद दार. पहाटे आजी बाथरूमला उठल्या आणि परत येऊन दार लोटायचं विसरल्या. त्यानंतर अर्ध्या तासाने अलार्म वाजला. दार लागलेलं असतं तर?

धुराच्या बाबतीत मी उशीवरून विचार केला आणि कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत नियम पाठ म्हणून दाखवला. गीझर त्यांच्या उशामागच्या भिंतीपलीकडे होता, तेव्हा एक अलार्म त्या खोलीतच, झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर हवा होता. आणि सामानाच्या खोलीचं दार मी उघडलंच नव्हतं. "गीझरची सर्व्हिसिंग होते ना?" एवढं विचारलं, "हो" ऐकलं आणि पुढे गेलो. याच घराने मला चार दिवस आधी शिकवलं होतं की अशा "हो"ला काय अर्थ असतो.

डोकेदुखीचे चार-पाच दिवस अलार्म का गप्प होता, हे मुलाने विचारलं. बंद दार हे एक कारण. दुसरं, हा अलार्म थोड्या मात्रेसाठी बनलेलाच नसतो. युरोपीय मानकाप्रमाणे ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग) तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांनी, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. थोडा वायू येत-जात राहिला तर तो वाजत नाही. म्हणून रोज सकाळी दुखणारं आणि बाहेर गेल्यावर थांबणारं डोकं हाही एक अलार्म धरायला हवा, विशेषतः ते एकाच खोलीतल्या माणसाचं असेल तर.

आता आजींच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, पलंगाशेजारच्या भिंतीवर. सामानाच्या खोलीतही एक आहे, गीझरपासून २ मीटरवर. ब्रिटनमधला संकेत १ ते ३ मीटरचा आहे, इतर ठिकाणचे उत्पादक वेगळं अंतर सांगतात, म्हणून त्या अलार्मबरोबरचा कागद वाचून ठरवलं. फट बुजवली, नळी नवी बसवली. प्रत्येक अलार्मच्या कडेवर बदलायचं वर्ष मार्करने लिहिलं आहे, खालून दिसेल असं.

गॅरेजमधला उष्णतेचा अलार्म अजून लागलेला नाही. आणि गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा दुपारची वेळ होती, आजी बैठकीतल्या नव्या सोफ्यावर आडव्या झाल्या होत्या. कानातलं मशीन डबीत, आणि थरथरणारी चकती आत पलंगावर उशीखाली. मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "दुपारचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत."